छोट्या धंद्याची ईमेल यादी: स्वच्छ कशी करायची, वर्षभर जिवंत कशी ठेवायची

देवगड-रत्नागिरीकडचे अनेक बागायतदार आता हापूसच्या पेट्या थेट ग्राहकाच्या घरी पोचवतात. ग्राहकांचे ईमेल पत्ते एका एक्सेल फाइलमध्ये साठलेले असतात. मार्च उजाडला, पहिली तोड झाली, की ती फाइल उघडायची आणि एका दिवसात सगळ्यांना मेल पाठवायचा. मग पुढच्या मार्चपर्यंत शुकशुकाट. दिवाळीचा फराळ, उन्हाळी वाळवण, राख्या अशा कुठल्याही हंगामी धंद्यात हेच चालतं. मेल 'गेला' असं दिसतं, पण ऑर्डरी येत नाहीत, कारण बराचसा माल स्पॅमच्या फोल्डरात पडून राहिलेला असतो.

असं का होतं ते आधी समजून घेऊ, म्हणजे पुढची प्रत्येक पायरी कशासाठी हे कळेल. बाजारात जशी माणसाची पत असते तशी ईमेलच्या जगात तुमच्या डोमेनची, म्हणजे ईमेल पत्त्यात @ च्या पुढे येणाऱ्या नावाची, पत असते. जीमेल, याहू, आउटलुक ही मंडळी ती पत रोज मोजत असतात: तुमचे मेल किती लोक उघडतात, उत्तर देतात, न वाचता काढून टाकतात, 'स्पॅम' म्हणून कळवतात, आणि तुम्ही अस्तित्वातच नसलेल्या किती पत्त्यांवर मेल पाठवता. दहा महिने गप्प असलेलं डोमेन अचानक एका सकाळी १,८०० मेल सोडतं, त्यातले दीडशे परत येतात आणि दहाजण स्पॅमचं बटण दाबतात. हे चित्र पाहणाऱ्या सर्व्हरला तुमच्यात आणि एखाद्या फसव्या माणसात फरक करता येत नाही. मग ज्या ग्राहकांना तुमचा आंबा खरोखर हवा आहे, त्यांचाही मेल अडवला जातो. मेलेले पत्ते यादीत ठेवणं म्हणूनच निरुपद्रवी नसतं. त्यांचा भुर्दंड चांगल्या ग्राहकांना पडतो.

खाली सगळीकडे १,८०० पत्त्यांची एक कल्पित यादी धरली आहे. तुमची ४०० ची असो की ५,००० ची, पायऱ्या त्याच.

पायरी १: सगळ्या वह्या एका फाइलमध्ये

पत्ते कुठे कुठे विखुरले आहेत ते शोधा: ऑर्डरची वही, गूगल फॉर्म, प्रदर्शनातल्या स्टॉलवर ठेवलेला कागद, वेबसाइटचा फॉर्म, पूर्वीच्या मेल-सेवेतली (एकदम अनेकांना मेल पाठवून देणाऱ्या ऑनलाइन सेवेतली) यादी. सगळं एकत्र करण्याआधी प्रत्येक फाइलची मूळ प्रत वेगळी जपून ठेवा.

नव्या फाइलमध्ये सात रकाने पुरतात: ईमेल, नाव, पत्ता कुठून मिळाला, संमती कधी दिली, शेवटची खरेदी, शेवटचं क्लिक किंवा उत्तर, आणि सध्याची स्थिती. तिसरा आणि चौथा रकाना भरायचा लोक कंटाळा करतात. पण पुढे हा पत्ता ठेवायचा की काढायचा असा प्रश्न पडला की उत्तर त्या दोन रकान्यांतच असतं.

मग साफसफाई. 'लोअर' या सूत्राने सगळे पत्ते लहान अक्षरांत आणा आणि 'ट्रिम' या सूत्राने आगेमागे राहिलेल्या रिकाम्या जागा काढा. वेबपेजवरून चिकटवलेल्या मजकुरात एक वेगळ्या प्रकारची रिकामी जागा असते, ती 'ट्रिम'ला दिसत नाही. तसं वाटलं तर ती जागा कॉपी करून 'फाइंड अँड रिप्लेस'ने उडवा. यानंतरच 'रिमूव्ह डुप्लिकेट्स' चालवा, आधी नाही, नाहीतर एकच पत्ता दोन रूपांत शिल्लक राहतो. जीमेलचं एक वैशिष्ट्य इथे लक्षात ठेवा: पत्त्याच्या पहिल्या भागातले टिंब जीमेल मोजत नाही. नाव आणि आडनाव यांच्यामध्ये टिंब असलेला आणि नसलेला, हे दोन्ही पत्ते एकाच माणसाच्या एकाच खात्यात जातात. त्याला प्रत्येक मेल दोनदा मिळत असेल तर तो वैतागणारच.

नावाच्या रकान्यातही डोकवा. ऑर्डरच्या वहीतून उतरवताना तिथे 'जोशी काकू कोथरूड २ पेटी' असं काहीतरी लिहिलेलं असतं, आणि मेलच्या सुरुवातीला तेच जसंच्या तसं छापलं जातं. ज्यांचं नाव नीट माहीत नाही त्यांचा रकाना रिकामा सोडा आणि मेल-सेवेत पर्यायी शब्द म्हणून नुसतं 'नमस्कार' येईल अशी सोय करा.

मेल-सेवेत चढवायची फाइल जतन करताना 'सीएसव्ही यूटीएफ-८' हाच प्रकार निवडा. साधा सीएसव्ही निवडला तर देवनागरी नावांच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग उमटते, आणि ती पुन्हा मूळ अक्षरांत आणता येत नाही.

पायरी २: ज्यांनी मागितलं नाही त्यांना आधीच काढा

विकत घेतलेली यादी, कुणीतरी 'टू'च्या रकान्यात दोनशे पत्ते घालून पाठवलेल्या मेलमधून उचललेली नावं, सोसायटीच्या किंवा माजी विद्यार्थ्यांच्या गटातून मिळालेली यादी हे सगळं काढा. व्हिजिटिंग कार्डांचंही तसंच: कार्ड दिलं म्हणजे दर महिन्याला जाहिरात चालेल असं नाही. अशा माणसाला स्वतःहून एक साधा व्यक्तिगत मेल लिहा, 'आमच्या आंब्याची माहिती कळवत जाऊ का?' म्हणून विचारा. हो म्हणाला तर यादीत घ्या.

विकत घेतलेल्या याद्यांत आणखी एक धोका असतो. स्पॅम रोखणाऱ्या संस्था मुद्दाम असे पत्ते ठेवतात जे कुठल्याही माणसाने कधीच कुठे नोंदवलेले नसतात. त्यांना स्पॅम ट्रॅप म्हणतात. असा पत्ता यादीत असण्याचं कारण बहुधा एकच असतं: यादी चोरून किंवा यंत्राने गोळा केलेली आहे. त्यावर मेल गेला की स्पॅमहाउससारख्या संस्थेच्या काळ्या यादीत तुमचं डोमेन जाऊ शकतं, आणि तिथून बाहेर पडायला वेळ आणि मनस्ताप दोन्ही लागतात.

कायद्याचाही विचार करा. भारताचा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि त्यातल्या तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. संमती मोकळेपणाने, विशिष्ट कारणासाठी आणि स्पष्ट कृतीतून दिलेली हवी, आणि ती देणं जितकं सोपं तितकंच मागे घेणंही सोपं हवं, असं हा कायदा सांगतो. संमतीची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषेत, म्हणजे मराठीतही, वाचण्याची सोय ग्राहकाला द्यावी लागते. फॉर्मवर आधीच बरोबरची खूण केलेला चौकोन ही संमती नव्हे. ग्राहक अमेरिकेत असतील तर तिथल्या कायद्यानुसार प्रत्येक जाहिरातीच्या मेलमध्ये तुमचा टपालाचा पत्ता हवा आणि नको म्हणणाऱ्याचं नाव १० कामकाजाच्या दिवसांत काढायला हवं. युरोपात २०१८ पासूनचा जीडीपीआर हा डेटा संरक्षणाचा कायदा याहून कडक आहे.

पायरी ३: चुकलेले पत्ते, आणि ते दुरुस्त करण्यातला धोका

प्रदर्शनात हाताने लिहिलेल्या कागदावरून टंकलेले पत्ते सगळ्यात जास्त चुकतात. एक आकडा आणि इंग्रजी एल, शून्य आणि ओ, अधोरेषा आणि आडवी रेघ यांची सरमिसळ होते. डोमेनचा भाग वेगळ्या रकान्यात काढून अकारविल्हे लावा, चुका चटकन दिसतील.

काही चुका बेलाशक दुरुस्त करता येतात. जीमेलच्या शेवटी 'डॉट कॉन' लिहिलं असेल तर तसं डोमेन अस्तित्वातच नाही, तिथे 'डॉट कॉम' करा. पण सगळीकडे असा हात चालवू नका. याहू डॉट कॉम आणि याहू डॉट को डॉट इन हे दोन्ही खरे आहेत, आणि दोन्हीकडचं एकच नाव दोन वेगळ्या माणसांचं असू शकतं. जीमेलची अक्षरं उलटसुलट झालेली काही डोमेनं कुणीतरी मुद्दाम विकत घेऊन ठेवलेली असतात, त्यांवर मेल पाठवणंही धोक्याचं. शंका असेल तिथे फोन नंबर आहेच, विचारून घ्या. छोट्या धंद्याला हे जमतं.

पत्ते तपासून देणाऱ्या सेवा पैसे घेऊन सांगतात की कुठला पत्ता चालू आहे. त्या समोरच्या सर्व्हरला, मेल न पाठवता, 'असा कुणी तुमच्याकडे आहे का?' असं विचारतात. दोन वर्षांत न वापरलेली यादी असेल तर एकदा जरूर वापरा. मात्र काही कंपन्यांचे सर्व्हर कुठल्याही नावाला हो म्हणतात, तिथे ही तपासणी फसते. आणि पत्ता चालू आहे म्हणजे त्या माणसाची संमती आहे असं होत नाही. स्पॅम ट्रॅपही चालूच असतो.

पायरी ४: डोमेनची कागदपत्रं

यादी कितीही स्वच्छ असली तरी तुम्ही तुम्हीच आहात हे सिद्ध होत नसेल तर मेल अडतो. त्यासाठी तीन नोंदी डोमेनच्या डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनची माहिती ठेवणाऱ्या इंटरनेटवरच्या नोंदवहीत, घालाव्या लागतात. एसपीएफ सांगतं की या डोमेनच्या नावाने मेल पाठवायची परवानगी कुठल्या सर्व्हरांना आहे. डीकेआयएम प्रत्येक मेलवर डिजिटल सही करतं. डीमार्क सांगतं की या दोन्ही कसोट्या फसल्या तर मेलचं काय करायचं. झोहो कॅम्पेन्स, ब्रेव्हो, मेलचिंप, मेलरलाइट यांपैकी जी सेवा वापराल ती या नोंदींचा मजकूर तयार करून देते. तो जिथून डोमेन घेतलं तिथल्या डीएनएसच्या पानावर चिकटवायचा.

इथे एक चूक फार होते. एका डोमेनला एसपीएफची एकच नोंद चालते. रोजच्या मेलसाठी एक नोंद आधीच असते आणि नवी सेवा घेतली की माणूस दुसरी घालतो. दोन झाल्या की दोन्ही निकामी. नवी सेवा जुन्याच नोंदीत जोडा, आणि त्या नोंदीतून होणाऱ्या डीएनएस चौकशा १० च्या वर जाऊ देऊ नका, तीही मर्यादा आहे. डीमार्क सुरुवातीला 'नन' या धोरणावर ठेवा, म्हणजे काही अडणार नाही पण अहवाल येत राहतील. काही आठवडे अहवाल ठीक आले की मग 'क्वारंटाइन', म्हणजे कसोटीत फसलेला मेल स्पॅममध्ये जाईल.

फुकटच्या जीमेल पत्त्यावरून मेल-सेवेमार्फत जाहिरात पाठवू नका. २०२४ पासून जीमेलने आपल्या नावाने बाहेरून येणाऱ्या मेलविरुद्ध पहारा कडक केला आहे. जीमेलमधूनच 'बीसीसी'त सगळ्यांना घालून पाठवणंही नको: साध्या खात्याला दिवसाला ५०० ची मर्यादा आहे, नको म्हणायची सोय नाही, आणि कोण परत आलं याची मोजदाद तुम्हालाच हाताने करावी लागते.

नोंदी नीट बसल्या का ते पाहायला स्वतःच्या जीमेलवर एक मेल पाठवा, उजवीकडच्या तीन टिंबांतून 'शो ओरिजिनल' उघडा. वरच्या तक्त्यात एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तिन्हींपुढे 'पास' दिसलं पाहिजे.

जीमेल आणि याहूने फेब्रुवारी २०२४ पासून हे नियम सक्तीचे केले. जीमेलच्या बाबतीत दिवसाला ५,००० च्या वर मेल पाठवणाऱ्यांना तिन्ही नोंदी आणि एका क्लिकमध्ये नाव काढायची सोय लागते. त्याहून कमी पाठवणाऱ्यांना निदान एसपीएफ किंवा डीकेआयएम लागतंच. लहान आहोत म्हणून सवलत मिळेल यावर विसंबू नका, तिन्ही करून टाका. अर्ध्या दिवसाचं काम आहे.

पायरी ५: नवा पत्ता घेताना

वेबसाइटच्या फॉर्मवर दुहेरी संमती ठेवा: पत्ता भरला की एक मेल जातो, त्यातल्या दुव्यावर क्लिक केल्यावरच नाव यादीत येतं. यात काही लोक गळतात हे खरं. पण चुकलेले पत्ते, दुसऱ्याच्या नावाने भरलेले पत्ते आणि यंत्राने भरलेले फॉर्म एका झटक्यात बाहेर राहतात. स्टॉलवर कागदाऐवजी क्यूआर कोड ठेवा, म्हणजे ग्राहक स्वतःच्या फोनवर स्वतःच टंकेल.

फॉर्मवर काय पाठवणार आणि किती वेळा, हे सरळ लिहा: 'महिन्यातून एक मेल, हंगामात आठवड्याला एक. बागेची खबर, दर आणि बुकिंगची तारीख.' जे लिहिलं तेच पाळा.

नाव नोंदल्याबरोबर, तासाभराच्या आत, स्वागताचा मेल आपोआप जाईल असं लावून ठेवा. त्यात एक साधा प्रश्न विचारा: 'तुमच्याकडे आंबा कधी हवा असतो, अक्षय्य तृतीयेला की मे महिन्याच्या सुट्टीत?' उत्तराचे दोन शब्द आले तरी तुमचे पुढचे मेल इनबॉक्समध्ये पोचण्याची शक्यता चांगली वाढते. शिवाय मागणीचा अंदाजही येतो. म्हणून पाठवणाऱ्याच्या पत्त्यात 'नो-रिप्लाय' कधीही नको. नाव आणि धंदा दोन्ही दिसू द्या.

पायरी ६: परत आलेला मेल वाचायला शिका

मेल परत येतो त्याला बाउन्स म्हणतात, आणि त्यासोबत आकड्यांत कारण येतं. बहुतेक लोक ते वाचत नाहीत. इथे थोडा वेळ घालवा, यादीच्या तब्येतीची सगळ्यात खरी माहिती याच आकड्यांत असते.

आकडा ५ ने सुरू झाला तर नकार बहुधा कायमचा, ४ ने सुरू झाला तर तात्पुरता. '५५० ५.१.१' म्हणजे असा वापरणारा आमच्याकडे नाही. हा हार्ड बाउन्स, पहिल्याच वेळी नाव बंद. '४.२.२' किंवा '५.२.२' म्हणजे ग्राहकाची मेलपेटी भरली आहे. गूगलच्या फुकट खात्यात मेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून १५ जीबी जागा असते. नातवंडांच्या फोटोंनीच ती भरून गेली की मेल परत यायला लागतात. असा माणूस जिवंत ग्राहक असू शकतो, त्याला व्हॉट्सअ‍ॅपवर कळवा. वेगवेगळ्या दिवशी पाठवलेले तीन मेल लागोपाठ परत आले तर मात्र थांबवा.

'५.७' ने सुरू होणारे आकडे वेगळे आहेत. त्यांचा अर्थ बहुतेक वेळा असा की दोष ग्राहकाच्या पत्त्यात नाही, तुमच्या बाजूला आहे. जीमेलचं '५५० ५.७.२६' म्हणजे तुमची ओळख पटली नाही, पायरी ४ मधलं काहीतरी बिघडलं आहे. हे न पाहता सगळे बाउन्स सरसकट उडवले तर एका चुकीच्या डीएनएस नोंदीपायी शेकडो चांगले ग्राहक गमवाल. एका दिवसात अचानक एकाच कंपनीचे पुष्कळ पत्ते परत आले, तर काही काढू नका, आधी कारण वाचा.

एका वेळच्या पाठवणीत बाउन्स २ टक्क्यांच्या आत हवेत, म्हणजे १,८०० मागे ३६. त्यावर गेले तर पुढची पाठवणी थांबवून यादी तपासा. जुन्या याद्यांत रेडिफमेलचे आणि याहूचे, सायबर कॅफेच्या काळात उघडलेले पत्ते सापडतात, ते बारकाईने पाहा. जीमेलचंही आता गृहीत धरू नका: दोन वर्षं न वापरलेली वैयक्तिक खाती काढून टाकायचं गूगलचं धोरण डिसेंबर २०२३ पासून अमलात आहे.

पायरी ७: 'नको' म्हणणं सोपं करा

अनसबस्क्राइबचा दुवा बारीक करड्या अक्षरांत लपवणं हे धंद्याचं नुकसान आहे. ज्याला दुवा सापडत नाही तो स्पॅमचं बटण दाबतो, ते नेहमी डोळ्यासमोरच असतं. जीमेल म्हणतं की तक्रारींचं प्रमाण ०.१ टक्क्याच्या खाली ठेवा, आणि ०.३ टक्क्यांपर्यंत कधीही पोचू देऊ नका. १,८०० मेलमागे ०.१ टक्का म्हणजे दोन माणसंसुद्धा नाहीत. ०.३ टक्के म्हणजे जेमतेम पाच. लहान यादीला सहा वैतागलेले लोक पुरतात.

आणि हे तुम्हाला दिसतही नाही. तक्रारींचं प्रमाण दाखवणाऱ्या गूगलच्या पोस्टमास्टर टूल्स या सेवेत डोमेन नोंदवून ठेवा, पण मेलची संख्या थोडी असेल तर तिथे आकडे उमटतच नाहीत. कोणी तक्रार केली ते जीमेल कधीच सांगत नाही. म्हणून दुवा मेलच्या शेवटी मराठीत, ठळक लिहा: 'हे मेल नको असतील तर इथे क्लिक करा.' पुढे पासवर्ड नको, कारणांची यादी नको. एका क्लिकमध्ये काम व्हावं. जीमेलची अपेक्षा दोन दिवसांत नाव निघावं अशी आहे, मेल-सेवा ते लगेच करते.

आता सगळ्यात महागात पडणारी चूक. नको म्हणालेल्यांची आणि हार्ड बाउन्स झालेल्यांची नावं फाइलमधून पुसून टाकू नका. त्यांची वेगळी 'पाठवू नये' यादी ठेवा. पुसलं की पुढच्या हंगामात कुणीतरी जुनी एक्सेल फाइल पुन्हा चढवतं आणि नको म्हणालेली सगळी माणसं परत यादीत येतात. मेल-सेवा बदलतानाही असंच होतं: ग्राहक नव्या ठिकाणी नेले जातात, 'पाठवू नये' यादी जुन्याच ठिकाणी राहते. नव्या सेवेत तीच फाइल सर्वांत आधी चढवा.

पायरी ८: कोण खरंच वाचतंय

मेल उघडल्याचा आकडा आता भरवशाचा राहिला नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये अ‍ॅपलने आयओएस १५ सोबत मेलमधली चित्रं आधीच उतरवून ठेवायची सोय आणली, त्यामुळे अ‍ॅपलच्या मेल अ‍ॅपमध्ये ही सोय चालू ठेवणाऱ्याने मेल पाहिलाही नसला तरी 'उघडला' अशी नोंद होऊ शकते. भरवसा ठेवा तो क्लिक, उत्तर आणि खरेदी या तिघांवर.

सर्वसाधारण सल्ला असतो की ९० दिवसांत काहीच केलं नाही तो गप्प ग्राहक समजा. हंगामी धंद्याला हे माप लावू नका. आंब्याचा ग्राहक ऑगस्टमध्ये क्लिक कशाला करेल? तुमचं माप हंगाम हेच असू द्या. गेल्या हंगामात खरेदी, क्लिक किंवा उत्तर ज्यांनी दिलं ते 'ताजे'. त्याआधीच्या हंगामात दिलं होतं, गेल्या वेळी नाही, ते 'थंडावलेले'. लागोपाठ दोन हंगाम काहीच नाही ते 'गप्प'. फाइलच्या स्थितीच्या रकान्यात हे तीन शब्द पुरेत. वर्षभर विकणाऱ्या दुकानाने मात्र सहा महिन्यांचं माप लावावं.

गप्प असलेल्यांना काढण्याआधी दोन मेल पाठवा, आठ-दहा दिवसांच्या अंतराने. पहिल्यात एकच प्रश्न, एकच बटण: 'यंदाही बागेची खबर पाठवू का? हो, पाठवत राहा.' दुसऱ्यात स्पष्ट सांगा की उत्तर आलं नाही तर हा शेवटचा मेल. सवलतीचं आमिष दाखवू नका, सवलतीसाठी क्लिक करणारा पुढच्या वर्षी पुन्हा गप्प होतो. हे मेल सगळ्यांना एकदम न पाठवता रोज ५०-१०० च्या तुकड्यांत पाठवा, कारण मेलेले पत्ते याच गटात सर्वाधिक असतात. ज्यांनी बटण दाबलं नाही, ते 'पाठवू नये' यादीत. जुना, नेहमीचा ग्राहक असेल तर काढण्याआधी एक फोन करा. बहुतेक मेल-सेवा पत्त्यांच्या संख्येवर पैसे घेतात, म्हणजे गप्प पत्ते सांभाळायला तुम्ही दरमहा पैसेही मोजत असता.

पायरी ९: वर्षभर काय पाठवायचं

यादी झोपू द्यायची नाही, म्हणजे बिनहंगामातही महिन्याला निदान एक मेल. विकायला काही नसलं तरी सांगायला असतं. पावसाळ्यात छाटणी आणि खतं, नोव्हेंबर-डिसेंबरात मोहोर, जानेवारीत वाटाण्याएवढी फळं, फेब्रुवारीत अवकाळी पाऊस आला की नाही आणि त्यामुळे पहिली तोड पुढे जाईल का. जूननंतर आंबापोळी, कोकम आगळ, लोणचं. पेटी पोचली त्या दिवशी 'पेंढ्यात आढी कशी घालायची, फ्रीजमध्ये कधी ठेवायचे' असा छोटा मेल. हा मेल ग्राहक जपून ठेवतात, उत्तरंही देतात.

व्हॉट्सअ‍ॅपसाठी केलेलं पोस्टर मेलमध्ये नुसतंच चिकटवू नका. चित्र अडवलं गेलं तर मेल कोरा दिसतो, आणि नुसत्या चित्राच्या मेलकडे स्पॅमची चाळणी संशयाने पाहते. दर आणि तारखा मजकुरात लिहा. डीटीपीवाल्याकडून आलेला मजकूर जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये असेल तर ग्राहकाला अगम्य चिन्हं दिसतात, आधी तो युनिकोडमध्ये आणा. जीमेल साधारण १०२ केबीपेक्षा मोठा मेल मध्येच कापतं, आणि कापलेल्या भागात अनसबस्क्राइबचा दुवाही जातो. देवनागरीचं एक अक्षरचिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेतं, इंग्रजीचं एक. म्हणजे मराठी मेल लवकर जड होतो. लांबलचक मेल टाळा आणि छोटे केलेले सार्वजनिक दुवे न वापरता स्वतःच्या वेबसाइटचा पूर्ण पत्ता द्या.

हंगामाची पहिली पाठवणी टप्प्यांनी करा. साफसफाईनंतर समजा १,३०० पत्ते उरले. पहिल्या दिवशी गेल्या हंगामात खरेदी केलेले २०० जण घ्या. ते उघडतात, उत्तर देतात, आणि त्यामुळे डोमेनची पत वर येते. दोन-तीन दिवस थांबून बाउन्स पाहा, मग उरलेले ताजे ४००. सगळं ठीक असेल तर आणखी तीन दिवसांनी बाकीचे. यात आठवडा जातो, म्हणून बुकिंग उघडायच्या तारखेच्या दहा दिवस आधी सुरुवात करा. प्रत्येक टप्प्याआधी स्वतःच्या जीमेल, आउटलुक आणि रेडिफमेल खात्यांवर तोच मेल पाठवून तो इनबॉक्समध्ये पडतो का ते पाहा.

प्रत्येक पाठवणीनंतर दुसऱ्या दिवशी पंधरा मिनिटं बाजूला ठेवा: बाउन्सचे आकडे वाचायचे, आलेल्या उत्तरांना उत्तरं द्यायची, खरेदीची तारीख फाइलमध्ये भरायची. जूनमध्ये शेवटची पेटी गेली की 'ताजे, थंडावलेले, गप्प' हे शिक्के नव्याने मारायचे, 'पाठवू नये' यादी मेल-सेवेतून उतरवून घ्यायची आणि तारीख घालून दोन ठिकाणी ठेवायची. जुन्या एक्सेल फाइलीच्या नावात 'वापरू नये' असं लिहून ती वेगळ्या फोल्डरात टाका, म्हणजे पुढच्या मार्चच्या घाईत कुणाचा हात तिच्याकडे जाणार नाही.